शेवटचा रेडा

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू चरकली असणार. वर्षाच्या सुरुवातीला एक पत्र तू लिहायचं, एक मी, असा आपला रिवाज. मध्येच पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असंच समजायचं. तर आधी सांगते, कोणी गेलेलं नाही. मी आहे, माझे गुडघे आहेत, आमचं एकमेकांशी पटत नाही एवढंच. पण पत्र लांबलचक आहे, आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे. या खेपेला तसं करू नकोस. मी लिहिलंय त्याच ओळीनं वाच. अर्धवट कळलं तर तू घाबरशील, आणि या गोष्टीत घाबरून भागणार नाही.

मला रेड्यांबद्दल लिहायचं आहे. इतक्या वर्षांत हा शब्द आपल्या पत्रांत एकदाही आला नाही. तू लिहिला नाहीस, मीही लिहिला नाही. जखमेवरची खपली काढू नये म्हणतात, पण आत पू असला तर काढावीच लागते.

आठवतं, ड्रॉइंग ऑफिसात आपली टेबलं शेजारीशेजारी होती? तू तेव्हा माझी वहिनी नव्हतीस, फक्त डबा विसरणारी मैत्रीण होतीस. रेड्यांचे पहिले नकाशे आले ते आपणच निळ्या कापडावर उतरवून घेतले. लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. तांबं मिळत नव्हतं, पितळ मिळत नव्हतं, आणि खाणींतून माल तर रोज निघत होता. म्हणून लढाईसाठी आखलेलं हे मालगाडीचं इंजिन जसंच्या तसं उचललं. तांब्याच्या जागी पोलादी भट्टी, दहा चाकं एकाच दांड्याला बांधलेली, रंग नाही, पट्टी नाही, शोभेचा एक खिळा नाही. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले होते, "पोरींनो, हे इंजिन जगण्यासाठी काढलेलं नाही, निभावण्यासाठी काढलंय." आपण हसलो होतो. तू तर म्हणालीस, आमच्या मामांचं लग्न असंच जमवलं होतं.

पहिली खेप आली तेव्हा अख्खी वसाहत बघायला गेली. काळं, बुटकं, खांद्यात रुंद. बॉयलरमेकरकाका म्हणाले, "हा घोडा नाही, रेडा आहे," आणि तेच नाव पडलं. कागदावर त्या वर्गाला काय आकडा होता तो आता फक्त मलाच आठवत असेल. दादानं पहिल्यांदा रेडा चालवला त्या दिवशी तो घरी आला तो काजळी फासल्यासारखा, फक्त दात पांढरे. आईला म्हणाला, "दोन इंजिनं लावून जो माल चढावर नेत होतो, तो यानं एकट्यानं नेला, आणि वर पोचून दम म्हणून लागला नाही." त्यानंतर वर्षानुवर्षं रेड्यांनीच हा प्रदेश ओढला. चढाला लागलेली गाडी स्वयंपाकघरात कळायची, फडताळातली भांडी वाजायला लागायची. तू लग्न होऊन आमच्याकडे आलीस तेव्हा पहिले काही दिवस दचकायचीस. मग भांडी वाजली की न बघता चुलीवर पाणी चढवायला लागलीस, कारण थोड्या वेळानं दादा दारात उभा राहायचा.

आणि मग पहिली बातमी आली. लांब, सपाटीवरच्या एका फाट्यावर रेडा फुटला. फुटला म्हणजे बॉयलर जागेवरून उडाला आणि शेतात जाऊन पडला. चाकं रुळांवर तशीच उभी. चौकशीत निघालं की ड्रायव्हरनं बॉयलरात पाणी कमी ठेवलं. भट्टीचं छत पाण्याखाली असावं लागतं, ते उघडं पडलं की तापून खाली बसतं, एवढं तर आपल्यालाही माहीत होतं. ड्रायव्हर दारू प्यायचा, असंही कोणी म्हणालं. आपण सुस्कारा सोडला. प्यायचा ना, मग झालं. दुसरा रेडा फुटला तो बाजूच्या रुळावर नुसता उभा असताना. तिथला ड्रायव्हर दारूला शिवत नव्हता, तर म्हणे म्हातारा होता, डोळ्यांनी अधू. प्रत्येक वेळी काहीतरी सापडायचं. मेलेल्या माणसाची उलटतपासणी फार सोपी असते गं. तो काही म्हणत नाही.

शेडमधली माणसं मात्र बदलली. पूर्वी रेड्यावर ड्यूटी लागली की छाती फुगवायची, आता पाटीवर नाव बघून गप्प व्हायची. रेडा कोणाचं वाहन असतं, हा विनोद पूर्वी उघड चालायचा. दुसऱ्या स्फोटानंतर कोणी तो केला नाही. दादा काचेचं फार बोलायला लागला होता. बॉयलरात पाणी किती आहे ते दाखवणारी उभी काचेची नळी. जुन्या इंजिनांना तशा दोन असायच्या, रेड्याला एकच. "एका डोळ्यानं गाडी हाकायची," असं तो जेवताना म्हणायचा. तू म्हणायचीस, जेवताना तरी ती काच खाली ठेव.

त्या दुपारबद्दल मी लिहीत नाही. तू होतीस, मी होते. भांडी वाजली, तू पाणी ठेवलंस, आणि मग भांडी वाजायची एकदम थांबली. पुढचं दोघींनाही माहीत आहे. दादा गेला, त्याचा फायरमन गेला. चौकशीला ते तरुण साहेब आले, गोरेगोमटे, बोलायला मऊ. तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "आदल्या दिवशी यांची झोप झाली होती का?" तू खरं ते सांगितलंस. बाळाला ताप होता, दोघंही जागे होतात. साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. दादाला डुलकी लागली, पाणी उतरलं, त्याला कळलं नाही. निष्काळजीपणा. मग फायरमनची आई तुझ्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं जे शब्द वापरले ते मी आजही उच्चारणार नाही. आठवड्याच्या आत तू लेकराला कडेवर घेऊन गेलीस. मी स्टेशनपर्यंत आले. तू खिडकीतून माझ्याकडे बघितलंही नाहीस. मला राग आला नव्हता, हे आज सांगते.

आता तू गेल्यावरचं ऐक. दादाच्या, म्हणजे तिसऱ्या स्फोटानंतर वर्षभरात माझ्या टेबलावर एक नवा नकाशा आला. रेड्याच्या त्या काचेच्या नळीला वर एक तोटी असते, वाफेची, आणि खाली एक, पाण्याची. वरची तोटी जुन्या नकाशात गोल चाकाची होती. फिरवत राहायचं, किती उघडली ते बघून कळायचं नाही. नव्या नकाशात तिथं साधा दांडा होता. उभा म्हणजे उघडी, आडवा म्हणजे बंद, आंधळ्यालाही हातानं कळेल. मी हेड ड्राफ्ट्समनना विचारलं, "हे का बदललं?" मान वर न करता म्हणाले, "सुधारणा." मी म्हटलं, "कशाची?" तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जे बिघडलेलं नव्हतं, त्याची." त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मी दोन-तीन ठिकाणी तोंड उघडलं. महिन्याभरात माझी बदली स्टोअरमध्ये झाली, नट-बोल्ट मोजायला. एकेक रेडा वर्कशॉपात गेला, दांड्याची तोटी लावून बाहेर आला, आणि त्यानंतर एकही रेडा फुटला नाही. एकही नाही, वहिनी. ड्रायव्हर तेच. दारू तीच, म्हातारपण तेच, जागरणं तीच.

मग डिझेल आलं आणि रेडे भंगारात गेले. वर्कशॉपच्या मागच्या अंगणात गॅसनं कापायचे. उन्हात ती निळी ज्योत दिसायची नाही, फक्त लोखंड दुभंगताना दिसायचं. ड्रॉइंग ऑफिस बंद झालं, नकाशे रद्दीत गेले. माझ्याकडे म्हणशील तर एक चिटोरंही नाही. फक्त एक रेडा राहिला. सिलिंडरला तडा गेला म्हणून तो दादाच्याही आधी शेडमागे ढकलून ठेवला होता. वर्कशॉपात तो कधी गेलाच नाही, आणि विसरल्यामुळे वाचला. पोरं त्याच्यावर चढून खेळायची, बकऱ्या सावलीला बसायच्या. त्याच्या बाजूनं जायचं झालं तर मी रस्ता बदलायचे.

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की या वर्गातलं जगातलं शेवटचं इंजिन म्हणून हा रेडा पुन्हा चालवायचा. पाहुण्यांना बसवून चढापर्यंत फेरी मारायची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते रेड्यालाही लागू असतं हे मला नवीन होतं. कामाचे प्रमुख म्हणून आले कोण, तर तेच मऊ बोलणारे साहेब. आता केस पांढरे, गाडीला चालक, निवृत्तीला थोडे महिने. त्यांनी सांगितलं, सगळं अगदी मूळचंच ठेवायचं, एक स्क्रूही नवा दिसता कामा नये. बॉयलरमेकरकाका आता फार थकलेत, पण हट्टानं जात होते. त्यांनी अडून बसून एकच गोष्ट करून घेतली: भट्टीच्या छतातली शिशाची खुंटी नवी बसवली. छत कोरडं पडलं तर ती वितळते आणि वाफ खाली विस्तवावर पडून आग विझते. जुन्या रेड्यांत ती खारानं माखून नुसती नावाला असायची.

मागच्या आठवड्यात सकाळी चाचणी होती. मी जाणार नव्हते. पण पहिली शिट्टी झाली आणि माझे पाय मला न विचारता निघाले. शेडपुढे शंभरेक माणसं असतील. रेडा काळा कुळकुळीत, वाफ सोडत उभा. वर बाहेरगावाहून आलेला एक ड्रायव्हर होता, तिशी ओलांडलेला. वाफेची इंजिनं चालवणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक म्हणून बोलावलेला. मी त्याला आधी पाठमोरा बघितला. एक पाय पुढे, डावा हात छताच्या कडेला, मान किंचित तिरपी. वहिनी, दादा असाच उभा राहायचा. मी स्वतःला म्हटलं, म्हातारे, सगळे ड्रायव्हर असेच उभे राहतात.

रेडा पुढे-मागे दोन खेपा गेला. तिसऱ्या खेपेला आतून असा आवाज आला की जणू कोणीतरी फार मोठा श्वास आत ओढला. भट्टीच्या तोंडातून पांढरी वाफ बाहेर फुटली. लोक पळाले. मी पळाले नाही, कारण मला पळता येत नाही. त्या ड्रायव्हरनं फायरमनला अक्षरशः ढकलून खाली टाकलं, वाफ तोडली, गाडी उभी केली. मग स्वतः उतरायचं, तर तो त्या वाफेत उभा राहिला आणि ओरडला, "वर या! कोणीतरी वर या आणि ही काच बघा!" कोणी हलेना. शेवटी बॉयलरमेकरकाका चढले, त्यांच्यामागे दोन फिटर. काच अर्धी भरलेली होती. खाली छत कोरडं पडून शिसं वितळलंय, आग विझतेय, आणि काच शांतपणे सांगतेय की पाणी भरपूर आहे. वरची ती गोल तोटी जेमतेम उघडी होती. वाफेचा रस्ता असा अरुंद झाला की काचेतलं पाणी खोटंच वर चढून बसतं. काकांनी तिथंच कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या गर्दीत बरोबर माझ्याकडे.

साहेब तासाभरात आले. ड्रायव्हरच्या हातांवर फोड आले होते, ते बघून हळहळले. मग म्हणाले, वाफेत डोळ्यांना भास होतो; पाण्याकडे लक्ष राहिलं नाही, असं माणसाचं होतं कधीकधी. तेच शब्द गं. इतक्या वर्षांत त्यांना दुसरे शब्दही लागले नाहीत. आणि जाता जाता फोरमनला सांगितलं, "ती तोटी काढून दुरुस्तीला पाठवून द्या." काचेच्या नळीची गोल चाकाची तोटी आता जगात एकच उरलीय. ती काढली की झालं. तीन इंजिनं, तीन ड्रायव्हर, सगळ्यांचा निष्काळजीपणा कायमचा.

फोरमन पाना घेऊन आला तेव्हा ड्रायव्हर पुन्हा वर चढून बसला होता. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यानं तोटी धरली होती. म्हणाला, "बाहेरचा बॉयलर तपासनीस येऊन बघेल, तोवर हिला कोणी हात लावायचा नाही. मी इथंच बसतोय." फोरमन समजावून थकला. संध्याकाळी मी गेले, बरोबर काकांनी दिलेला चहा. पायऱ्या चढताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या. तो उठून उभा राहिला, कप घेतला आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही मला ओळखणार नाही असं वाटलं होतं."

हो. तू मला दर पत्रात लिहितेस की तो जहाजावर आहे, इंजिनरूममध्ये, लांबच्या फेऱ्या असतात. त्यानं तुला तसं सांगितलंय. जहाजावर तो पहिली दोन वर्षंच होता. माझ्याकडे आला नाही, कारण मी तुला कळवलं असतं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी त्याला झापलं. म्हटलं, तुला माहीत नव्हतं या रेड्यानं तुझ्या घराचं काय केलं? म्हणाला, "माहीत होतं म्हणूनच आलो." मग जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते. "लहानपणी आई शेजारच्या काकूंना सांगत होती, ते मी ऐकलं होतं. ताप आला होता, मी रडत होतो, बाबा मला घेऊन येरझारा घालत होते. म्हणून त्यांना डुलकी लागली. आत्या, मी आजवर हेच धरून चाललोय की मी रडलो नसतो तर ते असते." वहिनी, तू त्याला तोंडानं कधी काही म्हणाली नसशील, मला खात्री आहे. तू स्वतःलाच बोलत होतीस. साहेबांना खरं सांगितलं म्हणून, बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं नाही म्हणून. एकाच घरात दोघं तेच ओझं घेऊन वावरलात आणि एकमेकांना कळू दिलं नाहीत. दादा झोपला नव्हता. तो काचेकडे बघत होता. रोज बघायचा तसा, डोळ्यात तेल घालून, आणि काच त्याला सांगत होती की सगळं ठीक आहे.

आज तो वर बसून चौथा दिवस. शेडमधली माणसं आळीपाळीनं खाली उभी राहतात, त्यांत डिझेलवाली नवी पोरंही आहेत, ज्यांना रेडा म्हणजे काय हे गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. युनियननं तपासनीस मागवलाय, पण तो परवापर्यंत पोचेल असं दिसत नाही. साहेबांनी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आहे, मग पोलीस वर चढतील. त्याला ताप आहे, हात सुजलेत. तो कोणाचा मुलगा हे साहेबांनाही कळलंय; आज ते स्वतः खाली उभे राहून त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या आईला हे बघून काय वाटेल?" पहिल्यांदाच त्याची मान खाली गेली. त्यांना वाटतंय तू आलीस तर रडून त्याला उतरवशील. उद्या माणूस पाठवून तुला आणायचा त्यांचा विचार आहे. त्यांचा माणूस पोचायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून फिटरचा भाऊ ते घेऊन येतोय. तो दारातच थांबेल. त्याच्याबरोबर नीघ. इथल्या लोकांना तोंड कसं दाखवू, हा विचार करू नकोस. फायरमनची आई अजून आहे, काल तिनं काठी टेकत येऊन रेड्याच्या पायरीशी त्याच्यासाठी पाणी ठेवलं. पण एक नीट लक्षात घे. त्याला खाली उतरवायला येऊ नकोस. मी तुला वर चढवायला बोलावतेय. त्याच्या हातांत आता जोर उरला नाही, आणि ती तोटी कोणीतरी धरायला हवी.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून शेडच्या फाटकापाशी उभी असलेली,
तुझीच
वन्सं